न पाहिलेली भिंत

मी शर्ट तपासते. एकोणीस वर्षं झाली. कारखान्यात माझं टेबल सगळ्यात शेवटी, दाराजवळ. तिथून पुढे शर्ट थेट खोक्यात जातो. रोज पाच-सहाशे शर्ट मी उलटे करून बघते. बाहेरून सगळेच चांगले दिसतात, त्यात काय बघायचं? म्हणून घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "रीतसर तपासणी करून घेतल्याशिवाय मी सही करणार नाही. मग तुम्ही काय वाटेल ते करा."

नवरा "बरं" म्हणाला. तो छापखान्यात कामाला आहे, दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला कुठलाच आवाज वाढवायचा नसतो. आवाजाचं खातं माझ्याकडे आहे.

घर हवं होतं ते सासूबाईंसाठी. म्हणजे आम्हा तिघांसाठीच, पण घाई होती ती त्यांच्या छातीची. भाड्याच्या घरात आम्ही चौदा वर्षं राहतोय आणि त्या घराच्या भिंतींना बारा महिने ओल असते. गेल्या वर्षी सासूबाई दोनदा दवाखान्यात राहून आल्या. दुसऱ्या वेळी अकरा दिवस नाकात नळी. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधं मी देतो, पण यांना कोरडं घर द्या. पुढच्या वेळी मला काही करता येईलच असं नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. त्यानंतर आम्ही चार घरं बघितली आणि चारही नाकारली. एकाच्या छताला डाग होते, एकाच्या खालून गटार जात होतं, एकात ऊन म्हणून येत नव्हतं. चौथ्यात तर काहीच दिसलं नाही, पण दार उघडल्यावर मला कुबट वास आला आणि मी तशीच मागे फिरले. घरं दाखवणारा एजंट मला त्यानंतर नमस्कार करताना जरा जपूनच करायचा.

पाचवं घर एका निवृत्त मास्तरांचं. दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. मास्तर मुलीकडे राहायला निघाले होते. नवरा बाल्कनीत गेला तो तिथेच उभा राहिला. मी सगळ्या खोल्यांचा फोनवर व्हिडिओ काढला, धाकट्या बहिणीला पाठवायला. सासूबाई मागच्या खोलीत थोड्या खोकल्या. "धूळ आहे गं," म्हणाल्या. मला घर आवडलं, आणि मला काही आवडलं की मीच घाबरते. घरी आल्या आल्या मी घरं तपासून देणाऱ्या एका तपासनिसांना फोन लावला. त्यांचा नंबर आमच्या कारखान्यातल्या सुपरवायझरने दिला होता.

"तीन तास लागतील," तपासनीस म्हणाले. "वीज, पाणी, गॅस, सगळं चालू ठेवायला सांगा. बंद नळ मला तपासता येत नाही. आणि तुम्ही स्वतः हजर राहा. नुसता अहवाल वाचून घर कळत नाही, माझ्या मागे फिरलात तर कळेल."

"आणि शेवटी तुम्ही सांगाल ना, घ्या की नको?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"मी घर पास-नापास करत नाही. काय बिघडलंय, कुठे, किती, आत्ता दुरुस्त करावं लागेल की पाच वर्षांनी, एवढं लिहितो. घ्यायचं का ते तुमचं तुम्ही ठरवायचं. आणखी एक. मी भिंत फोडत नाही, फरशी उचलत नाही, लोकांचं सामान हलवत नाही. जे दिसलं नाही ते 'पाहिलं नाही' म्हणून लिहितो. आणि हो, दोष निघतील. निघाले की घाबरून जाऊ नका. एकही दोष नसलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही, माझं स्वतःचं धरून."

माणूस मला आवडला. आमच्या टेबलाचाही हाच नियम आहे. आम्ही दोष सांगतो. शर्ट विकायचा का जाळायचा ते वरचे बघतात.

तपासणी गुरुवारी सकाळी नऊला ठरली. दुपारी एकला माझी पाळी होती, म्हणून मी अर्धी रजाच टाकली. सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते. भिंतींचे डॉक्टर कसे असतात ते तरी बघू." तपासनीस वेळेवर आले. काटकुळे, पन्नाशीचे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, खांद्यावर पिशवी आणि स्वतःची शिडी. त्यांनी आल्या आल्या घरातले सगळे नळ एकदम सोडले, दोनदा फ्लश केलं आणि बेसिनच्या खाली हात धरून गप्प बसून राहिले. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पाणी वाहिलं की मगच गळतं, मास्तर."

मग मी त्यांच्या मागे मागे फिरले. त्यांनी एकेका सॉकेटमध्ये दिव्यांचा एक छोटा प्लग खुपसून पाहिला. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. खिडक्या सगळ्या उघडून लावून बघितल्या. बाथरूममध्ये एक मग पाणी ओतून ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात जातं हे बघत उभे राहिले. गच्चीवर गेले, टाकीत डोकावले, एका तड्यावर पट्टी धरून फोटो काढला. बाल्कनीचा कठडा धरून हलवला तर तो खरंच हलला. नवऱ्याचा चेहरा उतरला. "चार बोल्ट आहेत हो," मी म्हटलं, "त्यांच्यासाठी रडू नका." जिथे जिथे शंका आली तिथे तपासनीस भिंतीला एक यंत्र टेकवायचे. दोन टोकं असलेलं, हातात मावेल एवढं. ओल किती आहे ते त्यावर आकड्यात दिसायचं. हॉल कोरडा. पुढची खोली कोरडी. स्वयंपाकघर कोरडं, फक्त बेसिनखाली थोडी ओल. प्रत्येक आकड्याला माझा जीव भांड्यात पडत होता.

मागच्या खोलीत आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बाथरूमकडच्या भिंतीला एक मोठं लाकडी कपाट टेकून उभं होतं.

"हे सरकवता येईल का?" तपासनिसांनी मास्तरांना विचारलं.

मास्तर दारातच थांबले. उत्तर दिलं ते सासूबाईंनी, मागून, खुर्चीवरून. "अहो, भरलेलं कपाट आहे ते. मास्तरांची कंबर जायची. एका भिंतीने काय होतंय?"

तपासनिसांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. पाळीला उशीर झाला तर अर्ध्या रजेची पूर्ण रजा होते. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक आकडा बघायचा धीर नव्हता. इतकं चांगलं चाललं होतं. "जाऊ दे," मी म्हटलं.

"मग न पाहिलेली म्हणून लिहितो," ते म्हणाले. एवढंच बोलले आणि त्यांनी पिशवी आवरली.

शुक्रवारी संध्याकाळी अहवाल आला. बेचाळीस पानं. नवऱ्याने पहिलं पान वाचलं. पाहिलेल्या भागात मोठा दोष नाही, बारा किरकोळ दुरुस्त्या, असं तिथे होतं. तो उठून चहा ठेवायला गेला, वर शीळही घालायला लागला. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तो शीळ घालतो हे मला तेव्हा कळलं. सोमवारी सह्या ठरल्या होत्या. मास्तरांना दुसरं एक गिऱ्हाईक होतं, त्या लोकांना तपासणी-बिपासणी काही नको होती, म्हणून एजंटने सोमवारच्या पुढे एक दिवसही देणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "झालं ना आता तुझ्या मनासारखं? मग पेढ्याबिढ्यांचं बघा कुणीतरी."

मी अहवाल घेऊन बसले. मी पहिलं पान वाचून उठणाऱ्यांतली नाही. एकतिसाव्या पानावर मागच्या खोलीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'कपाटामुळे ही भिंत पाहता आली नाही. तिच्या स्थितीबद्दल काही सांगता येत नाही.' मी ते दोनदा वाचलं. मग फोटोकडे नीट बघितलं, आणि काहीतरी खुपलं. कपाट इथे होतं का?

मी फोनवरचा जुना व्हिडिओ काढला. पहिल्या भेटीत ते कपाट खिडकीशेजारी होतं. समोरच्या भिंतीला. बाथरूमकडची भिंत मोकळी होती, तिच्यापुढे नुसता कपडे वाळत घालायचा स्टँड. मी चित्र मोठं केलं. भिंतीच्या पायाशी एक पांढुरकी पट्टी दिसत होती, पीठ सांडल्यासारखी. तेव्हा मला तो चुना वाटला होता.

कारखान्यात शिलाईवाल्या बायका कधी कधी चुकलेली बाही आत घडी घालून पाठवतात. वर कॉलर, बटणं, सगळं झकास. मी एकोणीस वर्षं त्या घड्या उलगडतेय, आणि समोर उभं केलेलं एक कपाट मला सरकवावंसं वाटलं नाही. मला स्वतःचा राग आला. पण स्वतःवर राग धरून ठेवणं मला जमत नाही. तो मी मास्तरांवर काढायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी मी एकटीच गेले. मास्तर पुस्तकं खोक्यांत भरत होते.

"मास्तर, मागच्या खोलीतलं कपाट कुणी हलवलं?"

"मी. एजंट होता मदतीला. बुधवारी."

"तपासणीच्या आदल्या दिवशी. वा. शाळेत मुलांना काय शिकवायचात हो तुम्ही? आमच्या घरात एक आजारी बाई आहे, हे तुम्हाला माहीत होतं. तिच्या छातीसाठी आम्ही घर घेतोय, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि तुम्ही..."

"त्यांनीच सांगितलं," मास्तर म्हणाले.

"कुणी?"

"तुमच्या सासूबाईंनी."

मी जवळच्या खोक्यावर बसले.

मास्तरांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "बुधवारी आल्या होत्या पडद्यांची मापं घ्यायला. मापं घेतली. मग माझ्याकडे बादली आणि फडकं मागितलं. बुटकं स्टूल घेऊन त्या भिंतीशी बसल्या आणि अर्धा तास भिंत पुसत होत्या. लोणा धरला होता तिथे, ओलीने येतो तो पांढरा खार. मी म्हटलं, मी पुसतो. तर म्हणाल्या, नको, मला सवय आहे. नंतर म्हणाल्या, कपाट इकडे घेऊन बघा, कसं दिसतं." ते थांबले. "मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं. पण घर विकायचं होतं मला. दर वर्षी रंग देतो मी त्या भिंतीला आणि दर वर्षी ती तो टाकून देते."

मी तिथून निघाले ती घरी कशी पोचले मला आठवत नाही. नवरा कामावर गेला होता. सासूबाई खिडकीपाशी बसून पडदे शिवत होत्या. त्या नव्या घराचे. मापं त्यांनी खरोखरच घेतली होती.

"आई, बुधवारी तुम्ही मास्तरांकडे काय केलंत?"

"पडद्यांची मापं घेतली."

"आणि?"

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "सांगितलं वाटतं त्याने. पोटात काही राहत नाही या मास्तर लोकांच्या."

"तुम्हाला कळलं होतं तिथे ओल आहे ते."

"तू दार उघडायच्या आधी कळलं होतं. चौदा वर्षं मी या भिंतींजवळ झोपतेय. मला यंत्र कशाला लागतंय?"

"मग का?" माझा आवाज चढला होता. "मी त्या माणसाला जाऊन वाट्टेल ते बोलले. रजा टाकून तीन तास शिडी धरून उभी राहिले, कुणासाठी? आणि तुम्ही बादली घेऊन पुरावा पुसत बसलात?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. त्यांना एका दमात फार बोलता येत नाही, म्हणून त्या आधी शब्द गोळा करतात.

"चौथं घर बघून आलीस त्या दिवशी तू धाकटीशी फोनवर बोलत होतीस. स्वयंपाकघरात. म्हणालीस, आमच्याकडे घर आम्ही ठरवत नाही, सासूबाईंची छाती ठरवते. तिची परवानगी आली की आम्हाला घर मिळणार. आणि हसलात दोघी."

मी ते बोलले होते. अगदी तसंच. दमून आले होते, चप्पलसुद्धा काढली नव्हती, आणि बोलले होते. बहीण हसली म्हणून मीही हसले. मग भांडी घासली आणि विसरून गेले.

"खोटं काय होतं त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्यापायी चार घरं गेली. लेकाच्या डोळ्यांत ती बाल्कनी मी बघितली ना. म्हटलं, या खेपेला छातीला गप्प बसवू. मी किती दिवसांची आता? तुम्हाला तरी घर होईल."

मला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणजे मी ओरडते, हा माझा जुना दोष. "आणि मग?" मी ओरडले. "पुन्हा अकरा दिवस नळी लावून पडणार होतात? मी उशाशी बसून तुम्हाला सांगणार होते, आई, पडदे छान दिसतात म्हणून? कुठल्या तोंडाने राहिले असते मी त्या घरात?"

मी त्यांच्यासमोरच तपासनिसांना फोन केला आणि रविवारी सकाळी यायला सांगितलं. मग मास्तरांना केला आणि कपाट रिकामं करून ठेवायला सांगितलं. फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी नाही येणार."

"तुम्हीच येणार. कुठून कुठपर्यंत पुसलंत ते तुमच्याशिवाय कोण दाखवणार?"

संध्याकाळी नवऱ्याला मी सगळं सांगितलं. माझं फोनवरचं बोलणंसुद्धा. ते गाळायचा मोह झाला होता, पण दुसऱ्यांच्या घड्या उलगडणारीने आपली एक ठेवून कसं चालेल? त्याने आपल्या आईकडे बघितलं. "मी नुसती बाल्कनीच बघत होतो," एवढंच म्हणाला. त्या दिवशी शीळ नव्हती.

रविवारी कपाट सरकलं. मागची भिंत स्वच्छ होती, नुकती आंघोळ घातल्यासारखी. फक्त खालच्या बाजूला, वीतभर उंचीवर, चार दिवसांत पुन्हा पांढरे कण आले होते. सासूबाई स्वतःहून पुढे झाल्या आणि त्यांनी बोटाने दाखवलं. "इथून इथपर्यंत. आणि इथे जरा पोपडा होता, तो मी नखाने काढला."

तपासनीस गुडघ्यांवर बसले. "मावशी, काम चोख केलंत," ते म्हणाले, आणि त्यांनी यंत्र टेकवलं. ते वाजायला लागलं. ते यंत्र वाजतं हेसुद्धा मला तेव्हाच कळलं, कारण बाकी घरात ते कुठे वाजलंच नव्हतं. त्यांनी ते कमरेपर्यंत नेलं आणि ते तिथवर वाजत राहिलं. त्यांनी बोटांच्या पेराने भिंत ठोकली. आवाज पोकळ.

"पलीकडे बाथरूम आहे. भिंतीतला पाइप गळत असावा. नक्की काय ते फरशी काढल्यावर कळेल, आत्ता मी छातीठोक सांगणार नाही. पाइप बदलायचा, कमरेपर्यंत गिलावा काढायचा आणि भिंत सुकू द्यायची. दोन महिने तरी. घाईने गिलावा केला तर ओल आत कोंडली जाईल."

"मी पुढच्या खोलीत झोपेन," सासूबाई म्हणाल्या. "मागची या दोघांना. दार लावून घेतलं की झालं."

"मावशी, हवा एकच असते घरात," तपासनीस म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. आता सांगा, असं मला त्यांना म्हणायचं होतं. घ्या की नको, एकदा सांगून टाका. पण त्यांनी पहिल्याच फोनवर त्याचं उत्तर दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. हे त्यांच्या यंत्रात बसणारं काम नव्हतंच.

मी मास्तरांना म्हटलं, "भिंत दुरुस्त करा. सुकू द्या. तपासनीस पुन्हा मोजतील. आकडा कोरडा आला तर त्याच दिवशी सही करतो."

मास्तरांनी मान हलवली. "मुलीकडे पुढच्या आठवड्यात निघायचंय. दोन महिने नाही थांबता येणार. ते दुसरे लोक उद्या यायला तयार आहेत."

नवरा बाल्कनीच्या दारात उभा होता. तो आत आला. मला वाटलं, आता हा म्हणेल, बघू, करू काहीतरी. तो मास्तरांना म्हणाला, "मग त्यांना द्या. पण कपाट असंच राहू द्या, भिंत त्यांना दिसू दे." त्याचा आवाज एवढा खणखणीत मी छापखान्यात डबा द्यायला गेले होते तेव्हाच ऐकला होता. मास्तर हो म्हणाले. दाखवतील की नाही, देव जाणे. त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही एवढं खरं.

सोमवारची रजा आधीच टाकलेली होती. त्यामुळे सह्यांच्या वेळेला, अकरा वाजता, आम्ही तिघं भाड्याच्या घरात समोरासमोर बसलो होतो. पडदे घडी करून खुर्चीवर पडले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली होती.

"पाचवं," त्या म्हणाल्या.

"आई," मी म्हटलं, "मी ते फोनवर बोलले. रागात बोलले, दमले होते, ते सगळं खरं, पण बोलले. चुकले मी. तुम्ही भिंत पुसलीत ती माझ्या त्या बोलण्यामुळे. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. माफी मागितली की त्यांना अवघडल्यासारखं होतं. मलाही.

"आता पुढचं. सहावं घर बघायचं, सातवं बघायचं. चौदा झाली तरी चालतील. तपासनीस येणार, तुम्ही येणार, आणि एकही भिंत मी सोडणार नाही. दमले तर दमले असं सांगेन, तुमच्या छातीवर ढकलणार नाही. पण कोरडं घर मिळाल्याशिवाय मी थांबणार नाही. तुम्ही पुन्हा फडकं हातात घेतलंत ना, तर फडक्यासकट उचलून परत आणीन."

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. मी एजंटला सांगायला अटी लिहायला घेतल्या. दोन खोल्या. तळाशी गटार नको. गच्चीला लागून नको. बाथरूमची भिंत झोपायच्या खोलीला लागून नको. लिहिता लिहिता मी सहज विचारलं, "तुम्हाला काय हवं, आई?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी वर बघितलं तर त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पाच घरं आम्ही यांच्यासाठी बघितली. छत बघितलं, गटार बघितलं, भिंती मोजल्या, डॉक्टरांना विचारलं, एजंटला विचारलं. यांना हे एकदाही विचारलं नव्हतं.

"कोरडं हवं," त्या म्हणाल्या.

"ते आहेच. तुम्हाला काय हवं?"

त्यांनी श्वास घेतला, शब्द गोळा केले.

"जिना नको गं. मास्तरांकडे चौतीस पायऱ्या होत्या. गुडघ्यांत कळा येतात, मी बोलले नाही." मी लिहिलं. "आणि खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे. माणसं दिसली पाहिजेत येणारी-जाणारी. तुम्ही दोघं गेलात की मी दिवसभर भिंत बघते." मी तेही लिहिलं. अक्षर जरा बिघडलं.

"अजून?"

"सकाळचं ऊन येणारी खोली," सासूबाई म्हणाल्या. "ती मला. तुम्हाला नाही."